पोल्लो आल्ला काच्चातोरा : एका घरच्या पाककृतीच्या प्रकल्प नोंदी

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार

फ्लोरेन्स आणि अरेत्सो यांच्या दरम्यान आर्नो नदीचे जे खोरे आहे, त्याला वाल्दार्नो म्हणतात. या खोऱ्यातील माझ्या सासरी पोल्लो आल्ला काच्चातोरा, म्हणजे शिकारी पद्धतीची कोंबडी, निदान तीन पिढ्या शिजत आली आहे; कागदावर मात्र ती केवळ चार ओळींत उतरलेली आहे. आजेसासूबाईंच्या वहीत कोंबडी, कांदा, वाइन आणि टोमॅटो ही नावे ओळीने आहेत आणि प्रत्येकापुढे ‘लागेल तेवढे’ एवढाच शेरा आहे. सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा हात आजही बिनचूक चालतो, पण किती घेतले आणि किती वेळ ठेवले असे विचारले, की “अगं, बघत राहा, कळेल” यापलीकडे उत्तर मिळत नाही. माझी पुतणी शिक्षणासाठी दूर जाणार आहे, पुण्यातील माझ्या बहिणीनेही ही कृती मागितली आहे, आणि या दोघींना शेजारी उभे राहून बघत राहण्याची सोय नाही. म्हणून सासूबाईंच्या हातची ही कृती वजनावर आणि घड्याळावर उतरवून घेणे, आणि सर्व कुटुंब एकत्र येईल अशा एका रात्रीच्या जेवणात ती लिहिलेल्या कागदावरून शिजवून पाहणे, असे काम मी हाती घेतले आहे.

व्याप्ती मर्यादित ठेवत आहे. काच्चातोरा या नावाखाली इटलीत बरेच काही शिजते. रोमच्या बाजूला टोमॅटोशिवाय, व्हिनेगर, लसूण, रोझमेरी आणि अनेकदा अँचोव्ही मासळी घालून पांढरी काच्चातोरा करतात. उत्तरेकडे तिच्यात अळंबी पडते आणि ती मक्याच्या पोलेन्तासोबत वाढली जाते. त्या सर्वांचा मान राखून येथे केवळ आमच्या घरच्या तोस्कानी, म्हणजे हे खोरे ज्या तोस्काना प्रांतात आहे तिथल्या, पद्धतीचा विचार होईल.

२४ ऑगस्ट, शनिवार

टोमॅटोचे काम आजच उरकले, कारण शरद ऋतूत कोंबडी शिजेल तेव्हा मळ्यात उन्हात पिकलेला टोमॅटो उरलेला नसेल. पहाटे सहालाच अंगणात टेबले मांडली. लांबट, जाड गराचे, सान मारत्सानो जातीच्या वळणाचे टोमॅटो आम्ही बाटल्यांसाठी घेतो. घडीघडीचे, रसाळ असे फ्लोरेन्सचे कोस्तोलूतो टोमॅटो कच्चे खाण्यास फार छान, परंतु त्यांत पाणी अधिक असल्यामुळे या कामात ते मी वापरू देत नाही, आणि या एका बाबतीत सासूबाईंनीही माझे म्हणणे मान्य केले आहे.

काम दोन वाटांनी चालते. पहिली वाट पास्साताची: टोमॅटो धुऊन, चिरून, किंचित उकडून, हाताने फिरवायच्या यंत्रातून काढले की साले आणि बिया एका बाजूने बाहेर पडतात व गर दुसऱ्या बाजूने. दुसरी वाट सोललेल्या सबंध टोमॅटोंची: उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून, गार पाण्यात काढून, साल ओढून, बरणीत हाताने दाबून बसवायचे, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. प्रत्येक बाटलीत तुळशीच्या नात्यातले बेसिलचे एक पान पडते. यंदा प्रत्येक लिटरमागे दोन मोठे चमचे लिंबाचा रसही घातला. सासूबाईंना तो अनावश्यक वाटतो, तरी मी आग्रह धरला. टोमॅटोची आम्लता सुरक्षिततेच्या मर्यादेच्या अगदी काठावर असते, सामू ४.६ च्या वर गेला तर बंद बाटलीत बोट्युलिझमचे विष तयार करणारे जंतू वाढू शकतात, आणि चवीवर त्या रसाचा परिणाम जाणवत नाही. झाकणे घट्ट करून बाटल्या जुन्या कापडांत गुंडाळल्या, मोठ्या पिंपात रचल्या, वरपर्यंत पाणी भरले आणि उकळी फुटल्यापासून ४० मिनिटे मोजली. बाटल्या उद्या सकाळपर्यंत त्याच पाण्यात निवत राहतील. नंतर प्रत्येक झाकणाच्या मध्यावर बोट दाबून पाहायचे. जे झाकण टिकटिक वाजेल, त्याखालचा टोमॅटो साठवणीत न ठेवता लगेच संपवायचा.

या खोऱ्यातील स्वयंपाक टोमॅटोशिवाय आज कल्पनेतही येत नाही, पण तो येथे बाहेरून आला. ऑक्टोबर १५४८ मध्ये फ्लोरेन्सचे ड्यूक कोझिमो दे मेदिची यांच्या पीझा येथील निवासस्थानी फ्लोरेन्सजवळच्या त्यांच्याच मळ्यातून टोमॅटोची टोपली पोहोचल्याची नोंद आहे. त्यानंतरही दीर्घकाळ ते फळ कुतूहलाचाच विषय राहिले. टोमॅटोच्या सॉसची कृती इटलीत छापून आली ती १६९० च्या दशकात, नेपल्समध्ये, आन्तोनिओ लातीनी यांच्या ग्रंथात. कोंबडी आणि वाइन यांच्या मानाने आपल्या पातेल्यातील टोमॅटो हा नवा पाहुणा आहे. त्याने किती जागा घ्यावी, हा या प्रकल्पातील मुख्य प्रश्न ठरेल असे आताच वाटते.

५ सप्टेंबर, गुरुवार

मोन्तेवार्कीच्या आठवडी बाजारातून कोंबडी आणली. या खोऱ्याची स्वतःची एक जात आहे: पांढरी शुभ्र पिसे, पिवळे पाय आणि मोठा लालभडक तुरा असलेली वाल्दार्नेझे. पोल्ट्रीतली कोंबडी साधारण सहा आठवड्यांत विक्रीस तयार होते, तर ही मोकळ्यावर फिरून महिन्यांच्या हिशेबाने वाढते; त्यामुळे तिचे मांस घट्ट, मांड्या काळपट आणि हाडे कठीण असतात. विक्रेतीने आमच्यासमोर कोंबडी उघडून काळीज वेगळे काढून दिले. ते काळीज, मान, पाय आणि पाठीचा सापळा यांतले काहीही टाकायचे नाही, कारण कुटुंबाच्या जेवणात काच्चातोरा एकटी येत नाही. काळजाचे क्रोस्तीनी, म्हणजे भाजलेल्या पावाच्या तुकड्यांवर लावलेले काळजाचे वाटण, आधी येतात, सापळ्याच्या रश्श्यात बारीक शेवया शिजतात, आणि त्यानंतर मधल्या ताटात कोंबडी येते. म्हणजे एका पक्ष्यावर सगळे जेवण उभे राहते, आणि हा हिशेब मला पाककृतीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

कृतीत दोन्ही प्रकारच्या कोंबड्यांसाठी स्वतंत्र वेळ द्यावी लागेल. बाजारातल्या नेहमीच्या कोंबडीला टोमॅटो घातल्यापासून ४५ ते ५० मिनिटे पुरतात. वाल्दार्नेझेला ८० मिनिटांपर्यंत द्यावी लागतात, आणि घाई केली तर मांडीचे मांस हाडाला चिकटून बसते.

१५ सप्टेंबर, रविवार

आज सासूबाईंनी शिजवले आणि मी वजनकाटा घेऊन शेजारी उभी राहिले. त्या जे काही उचलत, ते पातेल्यात पडण्यापूर्वी काट्यावर ठेवायचे एवढीच अट होती, आणि ती त्यांनी थोडे हसून, थोडे वैतागून पाळली.

कोंबडी कातडीसह आणि हाडांसह १.६ किलो, बारा तुकडे. मीठ आदल्या रात्रीच लावलेले होते. मोजले तेव्हा ते १६ ग्रॅम भरले, म्हणजे वजनाच्या बरोबर एक टक्का. ऐंशीच्या घरातल्या बाईंच्या चिमटीला हे प्रमाण इतके पक्के ठाऊक असावे, याचे मला फार कौतुक वाटले. तुकडे रात्रभर फ्रीजमध्ये उघडे होते आणि सकाळी प्रत्येक तुकडा कापडाने कोरडा पुसला गेला. हे पुसणे वरवर पाहता किरकोळ दिसते, पण पुढच्या सगळ्या चवीचा पाया तेथेच घातला जातो, कारण कातडीवर पाणी असेपर्यंत तिचे तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि मांसाला खरपूस तांबूस रंग व वास येण्यास साधारण १४० अंशांच्या पुढची उष्णता लागते.

तेल ४० ग्रॅम, जाड बुडाचे रुंद पातेले, मध्यम आच. तुकडे कातडी खाली करून ठेवले, आणि तेही एकमेकांना न चिकटता, दोन खेपांत. मी घड्याळाकडे पाहत होते. सासूबाई मात्र ऐकत होत्या. सुरुवातीला पातेल्यातून ओला, चुरचुरता, जोराचा आवाज येतो. सहा-सात मिनिटांनी तो बारीक आणि कोरडा होतो, आणि आवाज बदलला की तुकडा चिमट्याने जरासा हलवून पाहायचा. तो तळाला धरून बसला असेल तर ओढायचा नाही, कारण कातडी पुरेशी भाजली की तो आपण होऊन सुटतो. “तो सांगेल ना, आता मला परत म्हणून,” असे सासूबाई म्हणाल्या, आणि खरोखर आठव्या मिनिटाला मांडीचा तुकडा अलगद सुटून आला. खालच्या बाजूला मधाच्या रंगाची, सुरकुतलेली, कुरकुरीत कातडी होती. दुसरी बाजू पाच मिनिटे. सर्व तुकडे ताटात काढल्यावर पातेल्यात चरबी बरीच जमली होती. त्यातली तीन मोठे चमचेच मागे ठेवून बाकीची वाटीत ओतून काढली. तळाशी बसलेल्या तपकिरी थराला हात लावला नाही. पुढच्या पायरीत तो थर वाइनने सुटणार होता.

२२ सप्टेंबर, रविवार

आजचा विषय सोफ्रित्तो, म्हणजे बारीक चिरून मंद आचेवर परतलेल्या भाज्या. कांदा १५० ग्रॅम, गाजर ८० ग्रॅम, सेलरीचा देठ ६० ग्रॅम, लसणाच्या दोन पाकळ्या, हे सर्व दोन मुठींच्या वाकड्या सुरीने तांदळाच्या दाण्याएवढे बारीक केलेले. मंद आचेवर चिमूटभर मीठ घालून १५ मिनिटे, कांदा पारदर्शक होऊन गाजर बोटाने चुरडले जाईपर्यंत. तो लाल करायचा नाही. आपल्याकडे रश्श्यासाठी कांदा जसा तांबूस परततो, तशी येथे अपेक्षा नसते.

ही पंधरा मिनिटे कमी करून चालत नाही, याचे कारण टोमॅटोमध्ये आहे. आम्लामुळे भाज्यांतील पेक्टिन टिकून राहते आणि भाजी मऊ होण्याचे काम जवळजवळ थांबते. गाजर अर्धे कच्चे असताना टोमॅटो पडला, तर पुढे तासभर शिजवूनही ते दाताखाली येते. आजेसासूबाईंच्या वहीत टोमॅटोचे नाव शेवटी आहे. ते ओघात तसे आले असेल असे मला आजवर वाटत होते. आता त्या क्रमाला मी नियम मानते.

६ ऑक्टोबर, रविवार

वाइन आणि टोमॅटो यांचे प्रमाण ठरवण्यासाठी आज दोन पातेली शेजारी शेजारी लावली. दोन्हींत तीच कोंबडी, तोच सोफ्रित्तो आणि वाइनही तीच. एका पातेल्यात ४०० ग्रॅम सोललेले टोमॅटो, हाताने चुरडून. दुसऱ्यात त्याच्या दुप्पट.

वाइन लाल, कियांती, २०० मिलिलिटर. या भागातील लाल वाइनचा कणा म्हणजे सान्जोवेझे जातीचे द्राक्ष. तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने १७१६ मध्ये ज्या चार वाइन-प्रदेशांच्या सीमा जाहीरनाम्याने आखून दिल्या, त्यांत कियांतीसोबत वरचे वाल्दार्नोही होते, तेव्हा पातेल्यात तिचे स्थान हक्काचे आहे. काका-सासरे पांढऱ्या वाइनचा पक्ष घेतात आणि तिने रस्सा हलका होतो हे त्यांचे म्हणणे खरेही आहे, परंतु दळदार, घट्ट मांसाला लाल वाइनचा तुरटपणा पेलतो असे माझे मत झाले आहे. वाइन ओतल्यावर लाकडी उलथन्याने तळ खरवडत राहायचे. तपकिरी थर पूर्ण सुटला पाहिजे. किती आटवायची याची खूण सासूबाईंनी दाखवली: तळावर उलथन्याने रेघ ओढली आणि ती दोन श्वासांपुरती तशीच उघडी राहिली, की पुरे. तोवर पातेल्यावर वाकून वास घेतला तर नाकात झोंबणारी मद्याची धारही गेलेली असते. आज त्याला सहा मिनिटे लागली. टोमॅटो याच्या आधी पडला, तर वाइनचा कच्चा आंबटपणा आणि टोमॅटोचा आंबटपणा एकमेकांत अडकून बसतात, आणि मग लोक साखर घालू लागतात. आमच्या घरी साखर घालत नाहीत, आणि या क्रमाने गेल्यास तिची गरजही भासत नाही.

दोन्ही पातेल्यांतील फरक पहिल्या घासाला कळला. दुप्पट टोमॅटोचा रस्सा दिसायला देखणा, लाल आणि भरपूर होता, पण त्यात कोंबडी उकडली गेली होती. भाजलेल्या कातडीची चव रश्श्यात विरून गेली आणि मांसावर तिचा मागमूसही राहिला नाही. ४०० ग्रॅमच्या पातेल्यात तुकड्यांचा वरचा अर्धा भाग रश्श्याबाहेर राहिला, अंगाबरोबर रस्सा झाला, आणि कडेने लालसर तेल सुटले. ही तेल सुटण्याची खूण मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. या पदार्थात टोमॅटोचे काम मांस, वाइन आणि भाज्या यांना एकत्र धरण्याचे आहे, त्यांना बुडवण्याचे नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. टोमॅटोचे डबे स्वस्त आणि हाताशी असल्यामुळे आज बहुतेक ठिकाणी हा पदार्थ लाल सॉसमध्ये पोहताना दिसतो, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

पेल्लेग्रिनो आर्तूझी यांच्या १८९१ मध्ये फ्लोरेन्स येथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या पाककृतींच्या ग्रंथातील काच्चातोराची कृतीही याच बाजूची आहे. पाण्यात अर्ध्या तासाहून अधिक वेळ ठेवलेला कांदा, तळलेली कोवळी कोंबडी, अर्धा पेला सान्जोवेझे आणि थोडा टोमॅटोचा सॉस; हे सगळे एकत्र आल्यावर त्यांनी उकळीला अवघी पाच मिनिटे दिली आहेत, आणि हा पदार्थ नाजूक पोटाच्या माणसांसाठी नव्हे असा इशाराही दिला आहे. आमची जून कोंबडी पाच मिनिटांत शिजणार नाही, पण टोमॅटोला मर्यादेत ठेवण्याचा विचार तोच आहे.

सोललेले टोमॅटो की पास्साता, हा प्रश्नही आज मिटला. चुरडलेल्या टोमॅटोचे तुकडे आटताना आपला आकार थोडा राखतात आणि रश्श्याला अंग येते. पास्साता सर्वत्र सारखी पसरते. म्हणून कृतीत सोललेले टोमॅटो लिहिले, आणि पास्साताच्या बाटल्या शेवयांसाठी व पास्तासाठी ठेवल्या.

१३ ऑक्टोबर, रविवार

सुगंधी पाने: रोझमेरीची एक काडी, सेजची चार पाने, आणि लॉरेलची दोन पाने. पुण्याला पाठवायच्या प्रतीत येथे विशेष टीप जोडली आहे, कारण आपल्या मसाल्यातील तमालपत्र आणि इटलीतील लॉरेल ही वेगवेगळ्या झाडांची पाने आहेत. तमालपत्रावर देठापासून टोकापर्यंत तीन ठळक शिरा उभ्या जातात आणि त्याला दालचिनी-लवंगेचा वास असतो. लॉरेलच्या पानाला मधोमध एकच शीर असते आणि वास हिरवट, किंचित कापरासारखा येतो. लॉरेल मिळाले नाही, तर तमालपत्र न घालता केवळ रोझमेरीवर काम भागवावे, अन्यथा रस्सा थेट मसाल्याच्या वाटेला लागतो.

बहिणीशी बोलताना दुसरी अडचण पुढे आली. महाराष्ट्रात चिकनच्या दुकानात कातडी सोलूनच तुकडे करून देतात, आणि या कृतीचा पाया तर कातडी आहे. दुकानदाराला कोंबडी सोलण्याच्या आधीच, पिसे काढून कातडीसकट द्या, असे सांगावे लागेल. गावरान कोंबडी मिळाली तर फारच उत्तम, आणि तिला वाल्दार्नेझेइतकाच वेळ द्यावा. टोमॅटो मात्र तेथे सहज मिळणारे, लांबट आणि पूर्ण पिकलेले घेऊन, सोलून, ताजेच वापरता येतील.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्व संतांच्या सणाची सुट्टी, आणि घरी रात्रीच्या जेवणाला दहा माणसे. दोन कोंबड्या, म्हणून सर्व प्रमाण दुप्पट, आणि दोन स्वतंत्र पातेली. एकाच पातेल्यात गर्दी झाली तर तुकडे भाजले न जाता वाफेत शिजतात. आज पातेल्याजवळ पुतणी होती, हातात माझा कागद होता, आणि सासूबाईंनी कबूल केल्याप्रमाणे खुर्चीवरून न उठता केवळ पाहायचे होते. त्या एकदाच बोलल्या, वाइन ओतण्याच्या वेळी: “थांब, अजून आवाज ओला आहे.” हे वाक्य मी कागदात त्या पायरीपुढे लिहून घेतले.

भाजणे संध्याकाळी पाचला सुरू झाले. मांड्या आणि तंगड्या टोमॅटोसोबत आधी गेल्या; छातीचे तुकडे शेवटच्या २५ मिनिटांत वरून ठेवले, कारण ते आधी गेले असते तर कोरडे पडले असते. झाकण तिरके ठेवून, अगदी मंद आचेवर, अधूनमधून सापळ्याच्या रश्श्याचा डाव घालत साडेसातपर्यंत सगळे झाले, आणि मग आच बंद करून पातेली अर्धा तास तशीच ठेवली. लहान काळे ऑलिव्ह, कोंबडीमागे ८० ग्रॅम, शेवटच्या दहा मिनिटांत एकाच पातेल्यात घातले, कारण घरातली निम्मी माणसे ऑलिव्हशिवाय काच्चातोरा मानत नाहीत आणि उरलेल्यांना ती ऑलिव्हसहित चालत नाही.

आधी काळीज, केपर आणि अँचोव्ही यांचे क्रोस्तीनी आले, नंतर रश्श्यातल्या शेवया, आणि मग कोंबडी, नव्या ऑलिव्ह तेलात परतलेल्या काळ्या कोबीच्या पानांसोबत. तोस्कानाचा पाव बिनमिठाचा असतो. म्हणून रश्श्याचे मीठ नुसते चमच्याने चाखून ठरवू नये, पावाच्या तुकड्याला लावून ठरवावे, ही सूचना आज कागदात वाढली. काका-सासऱ्यांनी ताट पावाने स्वच्छ पुसले, पांढऱ्या वाइनबद्दलचे आपले म्हणणे कायम असल्याचे सांगितले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले.

२ नोव्हेंबर, शनिवार

उरलेला रस्सा हाडांवरचे मांस सोडवून त्यात मिसळला आणि दुपारी रुंद पाप्पार्देल्ले पास्तावर घातला. रात्रभरात रश्श्याला चिकटपणा आल्यामुळे तो पास्ताच्या पट्ट्यांवर चांगला बसतो.

कागदाची अंतिम प्रत तयार केली. सहा माणसांसाठी: कोंबडी १.६ किलो, मीठ १६ ग्रॅम आदल्या रात्री, ऑलिव्ह तेल ४० ग्रॅम, कांदा १५०, गाजर ८०, सेलरी ६० ग्रॅम, लसूण दोन पाकळ्या, लाल वाइन २०० मिलिलिटर, सोललेले टोमॅटो ४०० ग्रॅम, रोझमेरी, सेज आणि लॉरेल, ऑलिव्ह ऐच्छिक. वेळा मिनिटांत दिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळेशेजारी सासूबाईंची खूणही लिहिली आहे: आवाज कोरडा होणे, तुकडा आपण होऊन सुटणे, तळावरची रेघ उघडी राहणे, कडेने तेल सुटणे. चूल आणि पातेले बदलले की मिनिटे बदलतील, तेव्हा जेथे दोन्हींत अंतर पडेल तेथे खूण प्रमाण मानावी, असे शीर्षस्थानी नमूद केले आहे. एक प्रत पुतणीच्या सामानात गेली, दुसरी पुण्याला पाठवली. तिसरी सासूबाईंनी आजेसासूबाईंच्या वहीत त्या चार ओळींच्या पानाला टाचणीने जोडली, आणि ऑलिव्हपुढचा ‘ऐच्छिक’ हा शब्द पेन्सिलने खोडून ठेवला.